राजूर घाटातली खडखड आणि पेट्रोलमधलं शिसं

मंडळी, मलकापूरला रेल्वेतून उतरून बुलढाण्याला यायचं म्हणजे राजूर घाट चढणं आलंच. तुमच्यापैकी ज्यांची साठी उलटली आहे त्यांना तो जुन्या अँबॅसडरमधला प्रवास आठवत असेल. मागे पाच, पुढे ड्रायव्हर धरून चार, टपावर ट्रंका आणि होल्डॉल. मोताळा मागे पडायचं, चढ लागायचा आणि इंजिनातून एक आवाज सुरू व्हायचा. पत्र्याच्या डब्यात चार खडे घालून कुणी हलवावेत, तसा. ड्रायव्हर गिअर उतरवायचा, पाय जरा सैल सोडायचा, आवाज थांबायचा. पुढच्या वळणावर पुन्हा सुरू. आम्ही तेव्हा विद्यार्थी होतो आणि गाडी म्हातारी झाल्याचं ते लक्षण आहे, अशी आमची समजूत होती.

आजचं व्याख्यान त्या आवाजाबद्दल आहे. तो बंद करण्यासाठी माणसांनी काय केलं, आणि ते केलेलं निस्तरायला शंभर वर्षं का लागली, याबद्दल आहे.

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं इंजिनाबद्दल का बोलावं, हा प्रश्न तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. कारण सांगतो. मागच्या व्याख्यानानंतर चिखलीकडचे एक गृहस्थ आम्हाला दारात भेटले. वडिलांची अँबॅसडर त्यांनी हौसेनं दुरुस्त करून घेतली आहे. एक मेकॅनिक सांगतो, 'ही गाडी शिशाच्या पेट्रोलवर वाढलेली, आताच्या पेट्रोलनं तिचे व्हॉल्व्ह खराब होतील, टाकीत दर वेळी ही बाटली ओता.' दुसरा म्हणतो, 'वीस वर्षं बिनशिशाचं पेट्रोल घालतोय, काही झालेलं दिसलं नाही.' आणि तिसऱ्यानं खरं शिसं मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. गृहस्थ म्हणाले, 'सर, यातलं कोण बरोबर बोलतंय ते तुम्ही सांगा.' आम्ही म्हणालो, इंजिन आम्हाला फार कळत नाही. पण 'काही झालेलं दिसलं नाही' या वाक्याचं वजन किती, हा प्रश्न मात्र आमच्या विषयातलाच आहे.

आधी तो आवाज. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते, मग ठिणगी पडते आणि ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीत सरकते. चढावर इंजिनावर ताण आला, की कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ज्वाला पोचायच्या आतच स्वतःहून पेटतं. त्या धक्क्याचा आवाज म्हणजे नॉकिंग. पेट्रोल हे किती सहन करतं याचं माप म्हणजे ऑक्टेन. ऑक्टेन कमी असेल तर इंजिनातला दाब कमी ठेवावा लागतो, आणि दाब कमी म्हणजे ताकद कमी, पेट्रोल जास्त. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मोटार कारखानदारांपुढे हीच अडचण होती.

जनरल मोटर्सच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली हा इंजिनिअर वर्षानुवर्षं एकामागून एक पदार्थ पेट्रोलमध्ये मिसळून बघत होता. आयोडीन झालं, अ‍ॅनिलिन झालं, टेल्युरियमही झालं. टेल्युरियमचा वास अंगाला असा चिकटायचा की घरचे जवळ उभं करत नसत. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यानं टेट्राएथिल लेड वापरलं आणि खडखड थांबली. एका गॅलनमध्ये जेमतेम तीन घनसेंटिमीटर पुरे. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल विकायला लागले.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे. नॉकिंग थांबवायला अल्कोहोलही चालतं, हे या मंडळींना पक्कं माहीत होतं. मिजलीनं स्वतः अल्कोहोल मिसळलेल्या इंधनावर गाडी चालवून दाखवली होती. पण अल्कोहोल दहा टक्के किंवा त्याहून जास्त घालावं लागतं. ते कुणीही शेतकरी गाळू शकतो. त्याच्यावर पेटंट मिळत नाही. शिसं चिमूटभर लागतं आणि त्याचा हक्क आपल्याकडे राहतो. निवड झाली ती अशी. पुढे जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलनं मिळून कंपनी काढली, तिच्या नावात 'एथिल' ठेवलं. 'लेड' हा शब्द गाळला. नावातून पदार्थ गेला, टाकीतून गेला नाही.

शिसं विष आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, असं समजू नका. रोमन लोकांना माहीत होतं, आपल्या वैद्यांनाही माहीत होतं. रसशास्त्रात नाग म्हणजे शिसं, आणि शोधन न करता ते पोटात घेऊ नये, हे तिथे बजावून सांगितलं आहे. टेट्राएथिल लेड तर त्याहून वाईट. हे तेलकट द्रव कातडीतून आत जातं आणि मेंदूवर चढतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात पाच कामगार भ्रम होऊन मेले, तीसहून अधिक जणांना इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या एका कारखान्यातले कामगार हवेत नसलेली फुलपाखरं हातानं हाकलत, म्हणून त्या इमारतीला 'फुलपाखरांचं घर' असं नाव पडलं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीनं पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं, त्याचा वास घेतला आणि काही होत नाही असं दाखवलं. त्याला स्वतःला आदल्या वर्षी शिशाची बाधा झाली होती, त्यासाठी तो हवापालटाला जाऊन आला होता. पत्रकारांना ते त्यानं सांगितलं नाही.

मे १९२५ मध्ये अमेरिकन सरकारच्या सर्जन जनरलनी परिषद बोलावली. विक्री तात्पुरती थांबली. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन आणि हार्वर्डच्या अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी विरोधात साक्ष दिली. कारखान्यातले मृत्यू ही वरवरची गोष्ट आहे, खरा धोका रस्त्यावर हळूहळू साचणाऱ्या धुळीचा आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मग समिती नेमली गेली. तिनं सुमारे सात महिन्यांत २५२ माणसं तपासली, त्यांत ड्रायव्हर होते आणि गॅरेजमधले कामगार होते. जानेवारी १९२६ मध्ये अहवाल आला, की बंदी घालावी असं सबळ कारण आढळलं नाही, मात्र पुढे अभ्यास चालू ठेवावा. सरकारनं पुढचा अभ्यास केला नाही. तो केला रॉबर्ट किहो या डॉक्टरांनी, उद्योगाच्या पैशावर, पुढची चाळीस वर्षं.

किहोंचं म्हणणं ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतं. अपाय होतो असं म्हणता ना, मग दाखवा. दाखवलंत तर आम्ही बदलू. त्यांनी मोटारींपासून दूर राहणारी मेक्सिकोतली शेतकरी माणसंही तपासली, त्यांच्या अंगातही शिसं सापडलं. म्हणजे शिसं माणसाच्या शरीरात निसर्गतःच असतं, रक्ताच्या डेसिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता नाही, असा निष्कर्ष निघाला. त्या माणसांच्या जेवणाच्या मातीच्या भांड्यांवर शिशाची झिलई होती, हे त्या हिशेबात धरलं गेलं नाही.

आता जरा आमच्या विषयात या.

वर्गात आम्ही हे चाळीस वर्षं शिकवलं. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कशावरून कळतं? डोळ्यांना घडा दिसतो, घड्याचा अभाव कसा दिसेल? कुमारिल भट्ट आणि त्यांच्या मागून अद्वैती म्हणाले, की हे कळण्याचं एक स्वतंत्र साधन आहे, त्याचं नाव अनुपलब्धी. न आढळणं हेच प्रमाण. पण लगेच त्यांनी एक अट घातली, आणि सगळी गंमत त्या अटीत आहे. अनुपलब्धी 'योग्य' असली पाहिजे. म्हणजे घडा तिथे असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती पाहिजे. उजेड हवा, डोळे धड हवेत, जागा समोर हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, एवढ्यावरून 'घडा नाही' म्हणता येत नाही. परीक्षेत या अटीवर पाच मार्कांची टीप विचारली जायची आणि पोरं ती पाठ करून लिहायची. तिचा व्यवहारात उपयोग काय, असं एकदा एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, आणि तेव्हा आम्हाला धड उत्तर देता आलं नव्हतं.

उत्तर हे होतं. वीस वर्षांनी दिसणारा अपाय सात महिन्यांत २५२ धडधाकट पुरुषांमध्ये शोधणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत घडा शोधणं. सगळीच माणसं शिशानं माखलेली असताना त्यातल्या एकाला 'स्वच्छ' धरून दुसऱ्याशी ताडून पाहणं म्हणजे तेच. त्यांना अपाय आढळला नाही हे खरं. पण तो असता तर आढळला असता का? हा प्रश्न चाळीस वर्षं कुणी विचारला नाही.

विचारला तो एका दगडवाल्यानं. आणि इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो, ओढूनताणून नाही.

लोणारचं सरोवर उल्कापातानं झालं, हे आपण शाळेतल्या पोरांनाही सांगतो. बेसाल्ट खडकात पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. तशाच जातीचं, जरा लहान विवर अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आहे. फरक असा, की लोणारच्या उल्केचा गोळा आपल्या हाती आलेला नाही, अ‍ॅरिझोनातले लोखंडी तुकडे मात्र भरपूर सापडले. क्लेअर पॅटरसन हा तरुण रसायनशास्त्रज्ञ त्या तुकड्यातलं शिसं मोजत होता. युरेनियमचं शिसं होत जातं, त्याचा वेग ठाऊक आहे. उल्केतल्या ज्या भागात युरेनियम जवळजवळ नाही, तिथलं शिसं म्हणजे पृथ्वी झाली तेव्हाचं मूळ शिसं. ते मोजता आलं की पृथ्वीचं वय निघतं. पण त्याचं माप दर वेळी वेगळं येई आणि दर वेळी जास्त येई. टेबलावर शिसं होतं, काचेच्या भांड्यांत होतं, केसांत होतं, खोलीतल्या हवेत होतं. कित्येक वर्षं तो माणूस फरशा पुसत होता, नळ बदलत होता, आत येणारी हवा गाळत होता. अखेर १९५६ साली त्यानं पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं हे जाहीर केलं. आजही आकडा जवळपास तोच आहे.

दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. पॅटरसननं विचारलं, माझ्या खोलीत एवढं शिसं येतं कुठून? समुद्राचं पाणी मोजलं, वरच्या थरात खोल थरापेक्षा शिसं कितीतरी जास्त. म्हणजे ते अलीकडे वरून पडलेलं. ग्रीनलँडचा जुना बर्फ मोजला, वरवर येत जावं तसं शिसं वाढत गेलेलं. पुढे प्राचीन माणसांची हाडं मोजली, आजच्या माणसाच्या हाडांत शिसं शेकडो पट निघालं. मंडळी, ही योग्य अनुपलब्धी. स्वच्छ माणूस आज जगात उरलाच नसेल तर त्याला थडग्यातून काढून आणायचा आणि त्याच्याशी तुलना करायची. १९६५ सालीच त्यानं शिशाच्या प्रदूषणाबद्दल छापलं होतं. त्यानंतर त्याची काही संशोधन-अनुदानं बंद झाली, आणि १९७१ साली हवेतल्या शिशावर राष्ट्रीय पातळीची समिती बसली तेव्हा जगात या विषयातलं सर्वांत अचूक माप ज्याचं होतं त्यालाच त्यात घेतलं नाही. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं. ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती मुलं बुद्धीच्या चाचण्यांत आणि वर्गातल्या लक्षात मागे. आजाराचं एकही लक्षण नसलेली मुलं ही. आई-बापांनी, डॉक्टरांनी रोज पाहिलेली, आणि तरी न दिसलेली.

आपल्याकडे काय चाललं होतं? १९९४ पर्यंत भारतातल्या साध्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालत असे. आम्ही एक हिशेब केला, तुम्हीही करून बघा. मलकापूर ते बुलढाणा पंचेचाळीस किलोमीटर धरा, घाट धरून अँबॅसडर लिटरला दहा चालली असं समजा. एका खेपेला साडेचार लिटर, म्हणजे अडीच ग्रॅम शिसं. त्यातलं बरंचसं सायलेन्सरमधून बाहेर. आता दुसऱ्या बाजूला मूल ठेवा. दहा-बारा किलोच्या मुलाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून शंभरेक मायक्रोग्रॅम शिसं असलं तरी ते त्या काळच्या धोक्याच्या रेषेवर पोचतं. एका ग्रॅममध्ये दहा लाख मायक्रोग्रॅम. सगळं शिसं मुलांच्या अंगात जात नाही, हे उघड आहे. पण ते नाहीसंही होत नाही. रस्त्याकडेच्या मातीत बसतं आणि माती खेळायला लागते ती कुणाला, हे सांगायला नको.

जुन्या ड्रायव्हरांना आठवत असेल, चांगल्या ट्यून केलेल्या गाडीच्या सायलेन्सरचं तोंड आतून फिकं राखाडी असायचं. ते बघून मेकॅनिक मान डोलवायचे. ती राखाडी पूड शिशाची. गॅरेजातली पोरं स्पार्क प्लग घासताना तीच पूड फुंकून उडवायची, पेट्रोलनं हात धुवायची, नळीनं टाकीतून पेट्रोल काढताना तोंडानं ओढायची. मलकापूर, नांदुरा, खामगाव या हमरस्त्यावरच्या गावांत ज्यांनी लहानपणी असं काम केलं, ते आज आमच्या वयाचे आहेत. त्यांचं रक्त तेव्हा कुणी मोजलं नाही. त्यामुळे त्यांना काही झालं नाही असं म्हणायला कुणी मोकळा नाही, आणि झालं असं म्हणायलाही नाही. हे आम्हाला सर्वांत जास्त बोचतं.

बदल आला तो दिल्लीतून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली न्यायमूर्ती सैकिया यांची समिती नेमली. १९९४ मध्ये चार महानगरांत शिसं लिटरला ०.१५ ग्रॅमवर आणलं. १ एप्रिल १९९५ पासून त्याच चार शहरांत बिनशिशाचं पेट्रोल, तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाड्यांसाठी. शिसं त्या कन्व्हर्टरला निकामी करतं. अमेरिकेतही १९७५ च्या सुमारास हेच घडलं होतं. मुलाच्या मेंदूचा पुरावा पन्नास वर्षं अपुरा ठरत होता, यंत्राचा पुरावा एका झटक्यात पुरला. १९९७ पासून देशभर कमी शिशाचं पेट्रोल आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं. राजूर घाटातल्या टाकीतून शिसं गेलं ते असं, आपल्याकडे कुणी त्याचा समारंभ केला नाही. जगातला शेवटचा पंप अल्जीरियातला, जुलै २०२१ मध्ये बंद झाला. मिजलीच्या प्रयोगाला तेव्हा शंभर वर्षं पुरी होत आली होती.

फरक पडला का? मुंबईत मोजलं गेलं. जॉर्ज फाउंडेशननं १९९७ च्या सुमारास तपासलेल्या मुंबईतल्या मुलांपैकी साठ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात शिसं १० मायक्रोग्रॅमच्या वर होतं. बंदीनंतर काही वर्षांनी झालेल्या दुसऱ्या तपासणीत ते प्रमाण एक तृतीयांशावर आलं. निम्म्यानं घट. आणि तरीही तीनात एक मूल. कारण जुन्या बॅटऱ्या वितळवणं आहे, रंग आहेत, जुनी माती आहे. आता तर कोणतीही पातळी सुरक्षित मानत नाहीत.

आता चिखलीच्या गृहस्थांची अँबॅसडर. शिशाचं एक दुसरं काम होतं, जे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालभडक तापतो आणि मिनिटाला शेकडो वेळा आपल्या सीटवर आपटतो. सीट मऊ बिडाची असेल तर दोन धातू क्षणभर चिकटतात, सुटताना सीटचे कण उखडतात. जळलेल्या शिशाचा पातळ थर मध्ये बसून हे चिकटणं थांबवायचा. थर गेला की सीट झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो, टॅपेटची फट कमी होते, शेवटी व्हॉल्व्ह पुरता बंद होईना आणि जळतो.

सगळ्या जुन्या गाड्यांना हे लागू नाही, आणि बाटली विकणारा हे सांगत नाही. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाटचं, म्हणजे पुढच्या पद्मिनीचं, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अ‍ॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह आपटून चालतच नाही, म्हणून तिच्यात वेगळ्या, कठीण धातूच्या सीटा बसवलेल्या असतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पुढे बिनशिशाच्या पेट्रोलवर आणि मग गॅसवर धावल्या, त्यामागे हेही एक कारण. अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं इंजिन बीएमसी घराण्यातलं, हेड बिडाचं, सीट त्याच बिडात कापलेली. तिला धोका आहे. आणि १९२३ च्या आधीच्या, संस्थानिकांच्या वगैरे गाड्या? त्या जन्मल्या तेव्हा शिशाचं पेट्रोलच नव्हतं. त्यांना शिसं पाजणारा हौशी आम्ही पाहिला आहे. त्याच्याशी वाद घातला नाही.

बाटल्यांत काय असतं? पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस, मँगॅनीज यांपैकी एखाद्याचं संयुग. तेही सीटवर थर देतात, शिशाइतका चिवट नाही. ब्रिटनमध्ये १९९९ साली जुन्या गाड्यांच्या महासंघानं अशी उत्पादनं बिडाच्या हेडवर सतत जास्त वेगानं चालवून तपासून घेतली. काही उतरली, काही नाही. म्हणजे बाटली हे थोतांड नाही. पण एकात दुसरी मिसळू नये, आणि घरातल्या नव्या गाडीत चुकूनही ओतू नये. खरं शिसं मिळवून देतो म्हणणाऱ्याला मात्र हात जोडून घालवून द्यावं. युरोपच्या कायद्यानं जुन्या गाड्यांसाठी एकूण विक्रीच्या ०.५ टक्क्यापर्यंत शिशाचं पेट्रोल ठेवायची सवलत दिली होती. वारसा जपायला एवढं चालेल, असं त्यामागचं म्हणणं. आम्हाला ते पटत नाही. त्या गाडीत बसणाऱ्याला वारसा मिळतो, मागे चालणाऱ्याला पूड.

आणि दोन मेकॅनिक? दोघांचीही अनुपलब्धी अयोग्य. 'बाटली ओततो, व्हॉल्व्ह खराब झाला नाही' म्हणणाऱ्याला बाटलीशिवाय काय झालं असतं ते माहीत नाही. 'वीस वर्षं काही दिसलं नाही' म्हणणाऱ्याची गाडी वर्षातून पाचशे किलोमीटर, तीही चाळीसच्या वेगानं चालते, आणि झीज होते ती लांब पल्ल्याला, जोरात, ताणाखाली. शिवाय बघितलं कुठे त्यानं? झीज बाहेरून दिसत नाही. ती दिसते टॅपेटच्या फटीत. अँबॅसडरची फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारावे भाग. फिलर गेजनं मोजायची, तारीख आणि किलोमीटर घालून वहीत लिहायची, दोनेक हजार किलोमीटरनं पुन्हा मोजायची. एक्झॉस्टच्या फटी कमी होत असतील तर झीज आहे. तशाच राहत असतील तर नाही. झीज निघालीच तर हेड उतरवून कठीण सीट रिंगा बसवून घ्यायच्या, मग बाटलीचा विषय कायमचा संपतो. खर्च आहे, पण बाटल्यांचा खर्च कुणी जोडून बघत नाही.

एक गोष्ट राहिली, अल्कोहोलची. १९२१ साली जे पेटंट मिळत नाही म्हणून मागे पडलं, ते आता आपल्या पंपावर आलं आहे. वीस टक्के इथेनॉल. उसाचं, आणि आता मक्याचंही, म्हणजे आपल्या मोताळा-मलकापूर पट्ट्यातल्या पिकाचं. ऑक्टेनच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही, घाटातली खडखड त्यानं कमीच होईल. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, कार्बोरेटरमधले वॉशर, टाकीतला गंज यांच्यावर त्याचा परिणाम वेगळा, आणि उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत ते पाणी ओढतं. काही होत नाही, असं सरकारी बाजूनं सांगतात. सगळं बिघडतं, असं गाडीवाले सांगतात. दोघांनाही विचारा, कोणत्या गाडीत, किती महिने, काय उघडून पाहिलंत?

चिखलीच्या गृहस्थांनी मागच्या महिन्यात व्हॉल्व्हचं झाकण उघडलं. आम्हीही गेलो होतो, कंदील धरायला म्हणा. आठ फटींपैकी सात पंधराच्या आसपास. चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला बारा. मेकॅनिक लगेच म्हणाला, 'बघा, मी सांगत होतो.' पण मागच्या वेळी ती फट किती ठेवली होती, हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. मग आठही पंधरावर आणल्या, नळ्या बदलल्या, दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला. बाटली फडताळात आहे, सील न फोडलेली. गाडी शेगावला, लोणारला, एकदा राजूर घाटातून मलकापूरला जाऊन येणार आहे. पुढचं माप दिवाळीनंतर घ्यायचं ठरलं आहे.